रंगपटाच्या दाराशी

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

नाटक कसे पाहावे, यावर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. नाटक संपल्यावर काय करावे, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. पडदा पडतो, दिवे लागतात, खुर्च्यांचा खडखडाट होतो आणि बहुतेक मंडळी पायाने चपला चाचपत दाराकडे निघतात. कोणाला गाडी काढायची असते, कोणाला शेवटची एस.टी. गाठायची असते. पण त्याच वेळी पाच-पन्नास माणसे उलट्या दिशेने, रंगमंचाकडे, चालू लागतात. कोणाच्या हातात वही असते, कोणाच्या हातात तिकिटाचा उरलेला तुकडा आणि आता बहुतेकांच्या हातात मोबाइल. ही माणसे नटाला भेटायला निघालेली असतात. आज मला बोलायचे आहे ते यांच्याविषयी. मीही शाळेत असल्यापासून त्यांच्यातलाच एक आहे.

नटाची सही घेणे हा अनेकांना पोरकटपणा वाटतो. 'त्या कागदाचे पुढे काय करणार?' असा प्रश्न मला घरात, कॉलेजात आणि पुढे कविसंमेलनातही विचारला गेला. प्रश्न चुकीचा नाही. पण त्याचे उत्तर द्यायचे तर ही प्रथा आली कुठून, आपल्याकडे ती कशी रुजली आणि बीडसारख्या जिल्ह्यात तिला काय अर्थ आहे, हे पाहावे लागेल.

मागच्या गल्लीतले दार

दुसऱ्याच्या हस्ताक्षराची वही बाळगण्याचा छंद जुना आहे. सोळाव्या शतकात जर्मनीतल्या विटेनबर्ग विद्यापीठाचे विद्यार्थी आपल्या गुरुजनांकडून आणि मित्रांकडून छोट्या वहीत चार ओळी लिहून घेत व त्याखाली सही घेत. या वह्यांना मित्रांच्या वह्या असेच म्हटले जाई. विद्यार्थी गाव सोडून दुसरीकडे गेला की ती वही त्याची ओळख सांगायची. अमक्या विद्वानाने याला ओळखले आहे, याचा तो पुरावा असे. सहीच्या वहीचा जन्म असा ओळखीतून झाला. प्रसिद्धीचा भाग नंतर आला.

नाटकाच्या बाबतीत लंडनच्या वेस्ट एंड भागातल्या आणि न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवरच्या नाट्यगृहांत एक पद्धत पडली. तिथे इमारतीच्या मागच्या किंवा बाजूच्या गल्लीत नटांच्या ये-जा करण्याचे एक साधे दार असते. त्याला 'स्टेज डोअर' म्हणतात. दर्शनी भागात झगमगाट आणि मागे हे दार, बहुधा एका पहारेकऱ्याच्या ताब्यात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या गेइटी थिएटरच्या या दाराशी श्रीमंत तरुण पुष्पगुच्छ घेऊन नट्यांची वाट पाहत उभे राहत. पुढे त्यांची जागा सामान्य रसिकांनी घेतली. ब्रॉडवेवर प्रेक्षकाला नाटकाची माहितीपुस्तिका फुकट मिळते. लोक ती घेऊन लोखंडी कठड्यामागे उभे राहतात आणि नट जाड मार्करने त्यावर सही करत पुढे सरकतो.

जपानमध्ये ताकाराझुका नावाची नाटक कंपनी आहे. १९१३ साली स्थापन झालेल्या या कंपनीत पुरुषांच्या भूमिकाही स्त्रियाच करतात. आपल्याकडे त्याच काळात बालगंधर्व स्त्रीभूमिका करून महाराष्ट्राला वेड लावत होते, हा योगायोग गमतीचा आहे. ताकाराझुकाच्या चाहत्या नाट्यगृहाबाहेर शिस्तीत रांगा करून बसायच्या, आवडती नटी आली की पत्रे हातात द्यायच्या. आरडाओरडा नाही, ढकलाढकली नाही. रसिकतेचीसुद्धा एक शिस्त असते, हे त्यांच्याकडून शिकावे.

आपल्याकडचा रंगपट

आता आपल्या मराठी रंगभूमीकडे येऊ. १८४३ साली विष्णुदास भावे यांनी सांगलीत 'सीतास्वयंवर' केले आणि १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'संगीत शाकुंतल' पुण्यात रंगभूमीवर आले. त्यानंतरचा काळ नाटक कंपन्यांचा. कंपनी गावात यायची ती बिऱ्हाड घेऊन. आचारी, वादक, नट, कपडेपट, सगळा लवाजमा. मुक्काम आठवड्यांचा असे. संध्याकाळी राजा झालेला माणूस सकाळी नदीवर आंघोळीला दिसायचा, देवळात दिसायचा, बाजारात भाजी घेताना दिसायचा. त्यामुळे नटाला भेटायला दाराशी थांबण्याची गरजच नव्हती.

या कंपन्या कोणा एका जातीच्या वा धर्माच्या नव्हत्या, हेही सांगायला हवे. बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीत तबल्यावर उस्ताद अहमदजान थिरकवा आणि सारंगीवर कादरबक्ष असत. ज्या पदांवर प्रेक्षक 'वन्स मोअर' देत, त्या पदांमागे या दोघांची बोटे होती. मला हे लहानपणी कोणी सांगितले नव्हते. कळले तेव्हा अंगावर मूठभर मांस चढले.

१९३२ साली 'अयोध्येचा राजा' हा मराठी बोलपट आला. बोलपटांनी कंपन्यांचा प्रेक्षक ओढून नेला आणि एकेक कंपनी बंद पडत गेली. पुढे जी व्यवस्था उभी राहिली ती एका रात्रीच्या प्रयोगाची. नटाला प्रयोगामागे मानधन, त्याला नाटकवाले 'नाईट' म्हणतात. गावोगावचे ठेकेदार प्रयोग विकत घेतात. बस दुपारी येते, संध्याकाळपर्यंत सेट लागतो, रात्री प्रयोग होतो आणि मध्यरात्री बस पुढच्या गावाला निघते. आता नट नदीवर दिसत नाही की बाजारात दिसत नाही. तो भेटतो फक्त प्रयोग संपल्यापासून बस सुटेपर्यंतच्या अर्ध्या-पाऊण तासात. म्हणून आपल्याकडे रंगपटाचे महत्त्व वाढले.

रंगपट म्हणजे रंगभूषेची खोली. मुंबईच्या शिवाजी मंदिरात असो, १९६८ साली सुरू झालेल्या पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिरात असो, आपल्याकडचा प्रेक्षक गल्लीत उभा राहत नाही. तो सरळ बाजूच्या पायऱ्यांनी वर चढतो, विंग ओलांडतो आणि रंगपटात जाऊन उभा राहतो. आपल्याकडे नटाचा दरवाजा आतल्या बाजूला आहे, असे म्हणू या. पाश्चात्त्य प्रेक्षकाला नट कोट घालून, तोंड धुऊन, घरी निघालेला दिसतो. आपल्याला तो अर्ध्या मिशीत दिसतो. समोर आरसा, आरशाभोवती दिवे, टेबलावर खोबरेल तेलाची बाटली, बाजूला काढून ठेवलेला मुकुट आणि हातात चहाचा कप. पात्र गेलेले असते आणि माणूस अजून पुरता परतलेला नसतो. त्या मधल्या अवस्थेत आपण त्याला भेटतो.

डॉ. काशिनाथ घाणेकरांच्या काळात या दाराशी जी गर्दी व्हायची तिच्या गोष्टी जुने लोक अजून सांगतात. हा पेशाने दातांचा डॉक्टर. 'रायगडाला जेव्हा जाग येते'मधला संभाजी आणि 'अश्रूंची झाली फुले'मधला लाल्या या भूमिकांनी त्यांनी प्रेक्षकांना झपाटून टाकले. जाहिरातीत सगळ्या नटांची नावे झाल्यावर शेवटी 'आणि' लिहून त्यांचे नाव येई. २ मार्च १९८६ रोजी ते गेले, तेही नाटकाच्या दौऱ्यावर, अमरावतीत. दौऱ्याचे आयुष्य नटाकडून काय काय वसूल करते, हे रांगेत उभे राहणाऱ्याने लक्षात ठेवावे, म्हणून हे सांगितले.

बीडची वाट

आमचा बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १९६० साली महाराष्ट्र झाला. बीड शहरातून रेल्वे धावली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी. तोपर्यंत इथे जे नाटक आले ते रस्त्याने आले, खड्डे मोजत आले. पुण्याची किंवा मुंबईची मंडळी इथवर येत ती परळी, अंबाजोगाई, लातूर, नांदेड असा दौरा जुळला तर. एका गावाचा ठेकेदार मागे हटला की सगळा दौरा मोडायचा.

आमच्याकडे सिनेमाच्या टॉकीजमध्ये, नाहीतर शाळेच्या पटांगणात मांडव घालून नाटक व्हायचे. मग रंगपट कुठला? शाळेतला एखादा वर्ग. फळ्यावर दुपारच्या तासाचे गणित तसेच असायचे आणि त्याखाली बाकावर बसून सरदार मिशा चिकटवायचे. खिडकीला गज असायचे, त्या गजांना धरून आम्ही पोरे लोंबकळायचो. जत्रेत तमाशाचा फड आला की कनातीच्या मागे राहुटीपाशी हाच प्रकार. चाळ बांधणारे पाय बघायला आम्ही जमिनीवर पालथे पडायचो. लंडनच्या गल्लीतले दार काय नि आमची कनात काय, माणसाची ओढ तीच.

या जिल्ह्याने रंगभूमीला माणसेही दिली. नंदू माधव गेवराईचे, संदीप पाठक माजलगावचे. प्रा. लक्ष्मण देशपांडे यांनी 'वऱ्हाड निघालंय लंडनला' या एकपात्री प्रयोगात बावन्न पात्रे उभी केली आणि मराठवाड्याची बोली जगभर नेली. २००९ साली ते गेल्यावर तो प्रयोग पुढे संदीप पाठक यांनी केला. आपली बोली रंगमंचावरून ऐकल्यावर आमच्याकडचा माणूस रंगपटात शिरतो तेव्हा बुजत नाही. 'आमच्या मामासारखंच बोललात बघा', असे म्हणतो. ही दाद कुठल्याही समीक्षेपेक्षा कमी नाही.

त्याच २००९ साली अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलन बीडला झाले. ज्येष्ठ गायक-नट रामदास कामत अध्यक्ष होते. 'मत्स्यगंधा', 'ययाति आणि देवयानी' या नाटकांतल्या ज्यांच्या गाण्यांवर आमच्या आधीची पिढी पोसली, तो गळा आमच्या गावात आला होता. ज्या नटांना भेटायला आम्ही एरवी औरंगाबाद किंवा पुणे गाठायचो, ते आमच्या रस्त्यांवरून चालत होते. कामत २०२२ मध्ये गेले. ज्यांनी त्या दिवसांत सह्या घेतल्या असतील, त्यांनी त्या जपून ठेवाव्यात.

सही, दस्तखत, अंगठा

मी कवी आहे, त्यामुळे शब्दांकडे वळल्याशिवाय राहवत नाही. 'स्वाक्षरी' हा शब्द संस्कृत वळणाचा, स्वतःचे अक्षर. 'दस्तखत' फारसी, दस्त म्हणजे हात आणि खत म्हणजे रेघ किंवा लिखाण. आपण रोज वापरतो तो 'सही' मात्र अरबीतल्या 'सहीह'वरून आला. त्याचा अर्थ बरोबर, खरे, निर्दोष. कागदावर सही केली म्हणजे 'वर लिहिलेले बरोबर आहे' असे म्हटले. तरुण पोरे एखादी गोष्ट आवडली की 'सही!' म्हणतात. केदार शिंदे यांचे भरत जाधवांनी गाजवलेले 'सही रे सही' हे नाटक २००२ साली आले, त्याचे नावही तेच. म्हणजे नटाला 'सही द्या' म्हणताना आपण नकळत म्हणतो की तुम्ही जे केले ते खरे होते, त्यावर शिक्का द्या.

पण ज्या जिल्ह्यात मी राहतो तिथे सहीचा दुसराही अर्थ आहे. बीड हा ऊसतोड मजुरांचा जिल्हा. दसरा-दिवाळीच्या सुमारास इथली लाखो माणसे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडायला जातात. जाण्याआधी मुकादमाकडून उचल घ्यावी लागते. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरला जातो आणि उचलीपोटी कागदावर सही किंवा अंगठा द्यावा लागतो. ती उचल फिटली नाही तर पुढच्या वर्षी पुन्हा जावे लागते. इथल्या कित्येक घरांत सही म्हणजे डोक्यावरचे कर्ज. कागद पुढे आला की माणसे आधी घाबरतात.

माझी आई अंगठा करायची. माझे वडील तालुक्याच्या गावी शिंपीकाम करत. मी आठवी-नववीत असताना आमच्या गावात एक ऐतिहासिक नाटक आले होते. दुपारी चारच्या सुमारास त्यांचा कपडेपट सांभाळणारा माणूस एक अंगरखा घेऊन आमच्या दुकानात आला. बगलेत उसवला होता आणि जरीची पट्टी लोंबत होती. वडिलांनी हातातले काम बाजूला ठेवून तो शिवून दिला. पैशाऐवजी दोन पास मिळाले आणि अंगरखा पोचवायला मला धाडले. रंगपटात माझा पहिला प्रवेश असा झाला, शिंप्याचा पोर म्हणून.

प्रयोग संपल्यावर मी पुन्हा गेलो. मुख्य भूमिका करणारे नट शाळेच्या बाकावर बसून खोबरेल तेलाने रंग पुसत होते. त्यांचे नाव सांगत नाही, कारण ते फार प्रसिद्ध नव्हते आणि आज त्यांना विचारायची सोयही उरलेली नाही. मी गणिताच्या वहीचे मागचे पान पुढे केले. त्यांनी नाव विचारले. मी सांगितले. ते लिहायला लागले आणि थांबले. म्हणाले, "नीट सांग बाळ. ऱ्हस्व की दीर्घ? आणि मधे जोडाक्षर आहे का?"

हा प्रश्न मला त्याआधी कोणीच विचारला नव्हता. माझे नाव अरबी. शाळेच्या दाखल्यावर ते एका पद्धतीने होते, रेशनकार्डावर दुसऱ्या. पुढे मतदारयादीत तिसऱ्या पद्धतीने आले. जो लिहील तो कानाला येईल तसे लिहून मोकळा होई. त्या नटाने मला नाव दोनदा म्हणायला लावले, ओठांकडे बघितले, स्वतः एकदा उच्चारून पाहिले आणि मग लिहिले, 'चि. अमुक यास, सप्रेम.' खाली सही. आपले नाव मराठीत इतके देखणे आणि इतके बरोबर लिहिलेले मी पहिल्यांदा पाहिले. 'सही' आणि 'सहीह' यांचे नाते मला तेव्हा माहीत नव्हते. पण तो कागद दोन्ही अर्थांनी सही होता.

पुढच्या आयुष्यात 'तुम्ही मराठीत लिहिता?' असे आश्चर्याने विचारणारे पुष्कळ भेटले. काही प्रेमाने विचारत, काहींच्या विचारण्याला दुसरा वास असे. वाईट दिवसही पाहिले. अशा वेळी भाषणे देण्यापेक्षा मला त्या बाकावरच्या माणसाची आठवण पुरे होते. माझे नाव या भाषेत कसे लिहायचे याची त्याने काळजी घेतली होती.

घरी आल्यावर मी वही आईला दाखवली. तिने चिमणी जवळ घेऊन पान पाहिले. अक्षर तिला येत नव्हते, पण सही कशी दिसते हे ठाऊक होते. ती घाबरून म्हणाली, "ये किसका कर्जा है रे?" कर्ज नाही, नाटकातल्या माणसाने खुशीने लिहून दिले आहे, हे तिला समजवायला वेळ लागला. समजल्यावर तिने विचारले, "और तूने उनको क्या दिया?" काहीच नाही, म्हटल्यावर तिला ते खरे वाटेना. घेणे-देणे नसलेली सही तिच्या पाहण्यात कधी आलीच नव्हती.

'त्या कागदाचे काय करणार?' या प्रश्नाला माझे उत्तर हे आहे. ज्यांच्या आयुष्यात प्रत्येक सही काहीतरी मागायला येते, त्यांच्यासाठी काहीच न मागणारी एक सही ही मोठी गोष्ट असते.

भेटीची रीत

नटालाही या भेटीतून काही मिळते का? मिळते. रंगमंचावर समोर लख्ख प्रकाश असतो आणि त्यापलीकडे अंधार. नटाला हशा ऐकू येतो, टाळी ऐकू येते, पण चेहरे दिसत नाहीत. ते चेहरे त्याला रंगपटात दिसतात. प्रशांत दामले यांनी ६ नोव्हेंबर २०२२ रोजी मुंबईच्या षण्मुखानंद सभागृहात आपला १२,५०० वा प्रयोग केला. प्रत्येक प्रयोगानंतर वीसच माणसे भेटली असे धरले, तरी अडीच लाख माणसे होतात. अडीच लाख वेळा हसून नमस्कार करणे हेही एक कामच आहे, आणि त्याची 'नाईट' वेगळी मिळत नाही.

म्हणून भेटायला जाणाऱ्याने काही पथ्ये पाळावीत. प्रयोगाआधी जाऊ नये. तेव्हा नट भूमिकेत शिरत असतो. मध्यंतरात तर मुळीच नको. त्या दहा-पंधरा मिनिटांत त्याला कपडे बदलायचे असतात, घसा शेकायचा असतो. प्रयोग संपल्यावर जावे, आणि थेट न घुसता व्यवस्थापकाला विचारावे. स्त्री-कलावंतांच्या रंगपटाचे दार लोटलेले असेल तर बाहेर थांबावे. लहान मुलांना आणि म्हाताऱ्यांना पुढे जाऊ द्यावे. पेन आपले न्यावे, चालते का ते घरीच पाहून न्यावे. सही कशावर घ्यायची? तिकिटावर घ्यावी, असा माझा अनुभव. त्यावर नाटकाचे नाव असते, तारीख असते. पुढे वही हरवली तरी तिकीट बोलते.

काय बोलावे, हा मोठाच प्रश्न. 'छान झालं' एवढे सगळेच म्हणतात. त्यापेक्षा कुठली एक जागा आवडली ते सांगावे. 'दुसऱ्या अंकात पत्र वाचताना तुम्ही चष्मा काढलात, ते आवडले', असे म्हटले की दमलेला नट मान वर करून बघतो. मालिकेत पुढे काय होणार, हे विचारू नये. मुख्य नटाभोवती गर्दी असेल तर दोन प्रवेशांत येऊन गेलेल्या छोट्या नटाकडे वळावे. तो कोपऱ्यात एकटाच मिशी सोडवत बसलेला असतो. त्याची सही मागून पाहा. आणि जमले तर प्रकाशयोजना करणाऱ्याला, सेट उतरवणाऱ्या पोरांनाही दोन शब्द सांगा. आपण घरी जाऊन झोपतो तेव्हा ते लेव्हली आणि फ्लॅट बसच्या टपावर चढवत असतात.

सहीच्या निमित्ताने एखादे चांगले कामही होऊ शकते. महात्मा गांधी सहीसाठी पाच रुपये घेत आणि ते हरिजन निधीत जमा करत. हा मार्ग आजही कोणाला वापरता येईल.

सेल्फीचे दिवस

आता वह्या कमी झाल्या आणि मोबाइल आले. तक्रार करण्यासारखे सगळेच नाही. ज्याला लिहिता-वाचता येत नाही त्यालाही नटाबरोबर फोटो काढता येतो, ही समानताच आहे. माझ्या आईच्या काळी मोबाइल असता तर तिला सहीची भीती वाटली नसती. तिनेही हसून फोटो काढून घेतला असता. पण सेल्फी घेताना माणूस नटाकडे पाठ करतो आणि दोघेही पडद्याकडे बघतात. सही घेताना नाव विचारावे लागते, ऐकावे लागते, लिहावे लागते. तेवढी अर्ध्या मिनिटाची ओळख होते. म्हणून मी तरुणांना सांगतो, फोटो जरूर काढा, पण आधी आपले नाव सांगा.

मोबाइलचा खरा उपद्रव दाराशी नाही, प्रेक्षागृहात आहे. प्रयोग चालू असताना वाजणाऱ्या फोनला कंटाळून २०१९ साली सुबोध भावे यांनी नाटकात काम करणेच थांबवावे लागेल, अशा शब्दांत जाहीर नाराजी व्यक्त केली होती. ज्याच्याशी फोटो काढायला आपण धडपडतो, त्याचे बोलणे दोन-अडीच तास शांतपणे ऐकणे हा त्याचा पहिला सन्मान आहे.

करोनाच्या साथीत तर हे दारच बंद झाले. मार्च २०२० मध्ये नाट्यगृहांना कुलपे लागली. मध्ये काही महिने ती उघडली, पुन्हा बंद झाली आणि २२ ऑक्टोबर २०२१ पासून निम्म्या खुर्च्या रिकाम्या ठेवून प्रयोग सुरू झाले. लंडन, न्यूयॉर्कलाही दाराशी थांबायला मनाई होती. नाटक पाहता येते पण नटाला भेटता येत नाही, हे जगाने तेव्हा अनुभवले. आमच्या जिल्ह्यातल्या आडगावांना मात्र त्यात नवे काही नव्हते. तिथे नाटकच येत नाही, मग दार कुठले?

याला उपाय आहे आणि तो आपल्याच हातात आहे. मोठ्या नावांची बस येईल तेव्हा येईल. पण राज्य नाट्य स्पर्धेसाठी, एकांकिकांसाठी तालमी करणारी हौशी मुले प्रत्येक तालुक्यात आहेत. दिवसा कुठे नोकरी, कुठे शेती, रात्री पंचायतीच्या नाहीतर शाळेच्या खोलीत तालीम. शेजारच्या जालना जिल्ह्यातल्या अशाच खेड्यापाड्यांतल्या कलावंतांना घेऊन नंदू माधव यांनी 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' हे राजकुमार तांगडे यांचे नाटक २०१२ साली रंगभूमीवर आणले आणि ते महाराष्ट्रभर गेले. त्या नटांना पहिली सही कोणी मागितली असेल? बहुधा त्यांच्याच गावच्या एखाद्या पोराने.

दरवर्षी ५ नोव्हेंबरला आपण मराठी रंगभूमी दिन साजरा करतो. त्या सुमारास तुमच्या गावात, शाळेत, कॉलेजात जे काही नाटक होईल, ते पाहायला जा. संपल्यावर पाच मिनिटे थांबा. ज्या वर्गात मुले रंग पुसत असतील त्या वर्गाच्या दाराशी जा, आपले तिकीट किंवा साधा कागद पुढे करा आणि सही मागा. ऊसतोडीला जाणाऱ्या घरातली एखादी पोर त्यांच्यात असेल. कदाचित तिच्याकडे कोणी सही मागण्याची ती पहिलीच वेळ असेल. ती गोंधळेल, हसेल, आपले नाव कसे लिहायचे याचा क्षणभर विचार करेल. तिला घाई करू नका.